चिमाच्या वांग्याचं बी

माहेराहून कोण काय आणील याचा नेम नसतो. कोणी भांडी आणते, कोणी गाय आणते, कोणी नुसती जीभ घेऊन येते आणि जन्मभर चालवते. चिमा लग्न होऊन आली ती पदराच्या गाठीत वांग्याचं बी घेऊन. निघताना आईनं गाठ मारून दिली आणि सांगितलं, "तांदूळ सरला तर शेजारी माग, मीठ सरला तरी माग. वांग्याचा बी मातुर कुनाकडं मागायची पाळी आनू नको." चिमा तेव्हा परकर सोडून नुकती लुगड्यात आलेली पोर. तिनं मान हलवली, आणि डोक्याचे केस पांढरे होईपर्यंत ती पाळी येऊ दिली नाही.

तिचं सासर मिरजोळ्याच्या पलीकडे. कारखान्यांच्या शेडी मागं टाकून उतार उतरलं की पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला कुणब्यांची दहा-बारा घरं लागतात, त्यातलं शेवटचं तिचं. घरामागं जांभ्या दगडांचा गडगा आणि गडग्याच्या आत मळा. मळा म्हणायचं ते आपलं कौतुकानं. घाटावरचा शेतकरी बघून हसेल. पण भात कापून झालं की त्या तेवढ्याशा जागेत चिमा जी वांगी काढायची, ती खाल्लेला माणूस हसला नसता. फिकट हिरवं वांगं, पोटावर पांढऱ्या रेघा, आणि देठाला असा काटा की तोडताना देवाचं नाव घ्यावं. सुकट घालून चुलीवर ठेवलं की शेजारच्या घरातला जेवून उठलेला माणूस परत पाटावर बसायचा. रत्नागिरीच्या बाजारात बायका 'वांगी आहेत का' असं विचारत नसत, 'चिमा आली का' असं विचारत.

नवरा भागोजी मुंबईला गिरणीत. शिमग्याला यायचा, पालखी नाचवायचा, गणपतीला यायचा, आरत्या म्हणायचा, आणि परत जायचा. मळ्यात त्याचं पाऊल पडलं तर पडलं. जाताना चार वांगी मात्र न चुकता पिशवीत घालायचा. "मुंबईत पन मिळतात वांगी," तो म्हणायचा, "पन ती नुसती वांगी असतात." सबंध संसारात बायकोचं एवढं एकच कौतुक त्यानं तोंडानं केलं, आणि चिमाला ते पुरलं.

बी राखायची तिची रीत आईचीच. हंगाम भरात आला की ती सगळ्या झाडांवरून डोळा फिरवायची. जे झाड अंगानं भरलेलं, ज्याची पानं तुकतुकीत, ज्याचं फळ देखणं, ते बियाचं. त्याच्या एका फळाच्या देठाशी ती जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी बांधली की त्या फळाला कोणी हात लावायचा नाही. ते झाडावर मोठं होऊन हळदीसारखं पिवळं व्हायचं, मग कापून, बी धुऊन, राख लावून वाळवायचं आणि वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून चुलीच्या वर टांगायचं. कोकणातल्या पावसात बी दोन वर्षं टिकत नाही, त्यामुळे दर वर्षी नवं धरायचं. शेजारणींनी मागितलं तर ती वांगी द्यायची, रोप द्यायची नाही आणि बी तर मुळीच नाही. माहेरचं बी दुसऱ्याच्या हाती दिलं की घरची बरकत त्याच्यामागून जाते, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. लेक तुळसा सासरी गेली तेव्हा तेवढी तिच्या पदराला एक गाठ बांधून दिली. बाकी सगळं बी जगात एकाच ठिकाणी होतं, चिमाच्या चुलीवर.

आणि मग मळ्याला रोग लागला.

आधी एका कोपऱ्यात. रोपं वाढेनात, दुपारच्या उन्हात माना टाकायला लागली, पानं पिवळी पडली. चिमानं पाणी वाढवलं, शेण वाढवलं, नारळ दिला, दृष्ट काढली. पुढच्या वर्षी कोपऱ्याचा अर्धा मळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी सगळा. उपटून बघितलं तर मुळांना गाठीच गाठी, जशा काही कोणी हळदकुंडाच्या माळा पुरून ठेवल्यात. फळ धरलंच तर लिंबाएवढं. त्याच सुमारास मुंबईचा संप चिघळला, गिरणी बंद पडली, आणि भागोजी पेटी घेऊन कायमचा घरी आला. तो ओटीवर बसून असायचा, ती गडग्यावर. दोघांचीही गिरणी बंदच होती म्हणा ना.

बाजारात चिमाचं एक घर ठरलेलं होतं. राजिवड्याकडे जन्नतबी राहायची. दोन मुलगे आखातात, धाकटा घरी. चिमाची टोपली तिच्या दारात टेकल्याशिवाय पुढं जात नसे. त्या दिवशी जन्नतबीनं एक वांगं हातात घेऊन फिरवलं.

"चिमा, ही काय वांगी हायत? बोरा आनलीस काय?"

चिमानं डोळ्याला पदर लावला. जन्नतबी घाबरली, इतक्या वर्षांत तिनं ह्या बाईला रडताना पाहिलं नव्हतं. तिनं आत बसवलं, चहा दिला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "माजा मन्सूर ह्याच तर शिकतोय. भाव दुबईला बोलवून बोलवून थकले, ह्याला मातीतले किडेच बगायचे हायत."

मन्सूर हा जन्नतबीचा धाकटा. शेतकीची पदवी घेतलेला, पुढच्या पदवीसाठी प्रयोग करत होता. दुसऱ्याच दिवशी सायकल मारत तो मळ्यात हजर झाला. सुकलेलं एक रोप त्यानं उपटलं, मूळ पाण्यात धुतलं, टाचणीनं एक गाठ फोडली आणि भिंग चिमाच्या हातात दिलं. गाठीच्या आत पांढरा, चकचकीत, रव्याच्या कणाहून लहान असा ठिपका होता.

"ही मादी, काकी. हिच्या पोटात शेकड्यानं अंडी. ह्यांना सूत्रकृमी म्हणतात. मुळात शिरतात आणि झाडाच्या तोंडचं पाणी पितात."

"एवढासा?" चिमा म्हणाली. "आनि ह्येनी माजा मळा खाल्ला?"

ओटीवरून भागोजीनं विचारलं, "अगो, कोन आलाय?"

"वांग्याचा डाक्टर."

"बरा झाला. उद्या भोपळ्याचा वकील पन बोलव."

मन्सूर हसला, पण त्याचं काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ह्या किड्यावर विषारी औषधं होती, पण ती महाग आणि माणसालाही घातक. त्याला आपल्या किनाऱ्यावरच्या झाडांतून काही मिळतं का ते बघायचं होतं. उंडीच्या बियांचं तेल काढतात, पूर्वी दिव्यात जाळायचे, होडीला चोपडायचे. तेल काढल्यावर राहते ती पेंड. तशीच करंजाची. तशीच घाटावरून येणाऱ्या कडुनिंबाची. सरकारी शेतावरच्या एका खोलीत त्यानं ह्या पेंडींचे अर्क काढले होते आणि काचेच्या बशीत त्या अर्कात किडे सोडून बघितले होते. एकदा बाजारातून परतताना चिमानं ती खोली पाहिली. यंत्राच्या नळीला डोळा लावला तर आत पाण्यात दोऱ्याचे तुकडे वळवळत होते. दुसऱ्या बशीत उंडीचा अर्क; तिथले तुकडे सरळ पडलेले.

"मेलेत?"

"निपचित पडलेत. साध्या पाण्यात टाकले की थोडे परत हलतात. उंडीतले मात्र बहुतेक उठत नाहीत." मग तो बशी झाकत म्हणाला, "पण हे बशीतलं झालं, काकी. मातीत काय होतं ते तुमच्या मळ्यात कळेल."

चिमानं मळा दिला. तिच्या जिवाला आता एकच घोर होता. रोगानं दोन वर्षं धड फळ पिकलं नव्हतं, गेल्या साली एक-दोन फळांतून निघालेलं बी तुंब्यात मूठभरसुद्धा नव्हतं. औषध लागू पडलं आणि ह्या हंगामात चार फळं पिवळी झाली, तर आईचं बी पुढं चालेल. नाही तर संपलं. मळा काय, आज वांगी, उद्या अळू लावता येईल. बी गेलं की गेलं.

गणपती गेल्यावर तिनं गादीवाफ्यात निम्मं बी टाकलं. रोपं बोटभर झाली आणि परतीचा पाऊस असा कोसळला की गादीवाफ्याची माती पऱ्यात गेली. चिमा भिजत उभी राहून बघत राहिली. पाऊस ओसरल्यावर तिनं तुंबा काढला आणि उपडा केला.

मन्सूर समोरच होता. "थोडं तरी ठेवा, काकी."

"कशाला ठेवू? मळा बरा झाला तर चैतात तुंबाभर होईल. आनि बरा नाय झाला तर ठेवून काय पुजू?"

बी टाकलं, उगवलं, आणि या वेळी पावसानं मेहेरबानी केली.

मन्सूरनं मळ्याचे लहान लहान वाफे पाडले. काहींत उंडीची पेंड, काहींत करंजाची, काहींत कडुनिंबाची, आणि काहींत काहीच नाही. कुठल्या वाफ्यात काय हे ठरवायला त्यानं चिठ्ठ्या केल्या, चिमाच्या तांब्यात टाकल्या आणि म्हणाला, "काढा." चिमानं आधी पायातल्या वहाणा काढल्या, रवळनाथाच्या देवळाच्या दिशेला तोंड केलं, मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं आणि मग तांब्यात हात घातला. विहिरीलगतच्या वाफ्याला, तिच्या सगळ्यात लाडक्या वाफ्याला, 'काही नाही' आलं.

"परत काढते."

"परत काढायचं नसतं, काकी."

"अरे, देवाचा कौल पन मानूस तीनदा लावतो."

"हा कौल एकदाच."

"मग निदान ओंजळभर तरी टाक त्येच्यात. कोन बगतोय?"

मन्सूर बिचारा कसनुसा झाला. "कोणाला तरी असंच ठेवावं लागतं, काकी. नाही तर बाकीचे कशानं जगले ते कळणार कसं?" चिमाला हे पटलं असं नाही. पण तिनं शब्द दिला होता. पुढं थंडीत उंडीच्या वाफ्यांतली झाडं कमरेला लागली, करंजाची त्याच्या खालोखाल, आणि विहिरीलगतची मात्र दुपार झाली की माना टाकायची. ती त्याला पोरका वाफा म्हणायची. पेंडीचं पोतं ओटीवर उघडं पडलेलं असायचं, हात शिवशिवायचे, तरी तिनं चिमूटभर टाकली नाही. ही तिची पुण्याई म्हणायची की कर्म, देव जाणे.

झाडं फुलावर आली तेव्हा मन्सूर परत चिठ्ठ्या घेऊन बसला. शेवटी प्रत्येक वाफ्यातली थोडी झाडं मुळासकट उपटून गाठी मोजायच्या होत्या, मुळं वाळवून वजन करायचं होतं. ती कुठली झाडं, हे आत्ताच चिठ्ठीनं ठरवून खूण करायची. त्याच्याकडच्या कागदी पट्ट्या दवानं गळून पडत होत्या. चिमानं घरातून आपलं आमसुली रंगाचं विटलेलं लुगडं आणलं आणि टराटरा फाडून त्याला चिंध्या काढून दिल्या. त्यानं त्या झाडांच्या बुंध्याशी बांधल्या. चिमा मागून बघत होती.

"ह्ये काय तुजा निवडना? ह्या मरतुकड्याला बांधलीस आनि त्या बाजूच्या पैलवानाला सोडलास."

"निवडायचंच नाही, काकी. निवडलं की खोटं होतं."

चिमाला हसू आलं. तिची सगळी हयात निवडण्यात गेली होती. तिनं न निवडता बी धरलं असतं तर ते वांगं कधीच आलतूफालतू झालं असतं. पण पोर शिकलेलं आहे, त्याची रीत त्याच्याजवळ, असं म्हणून तिनं पुढची चिंधी त्याच्या हातात दिली. उपटायला तिची ना नव्हती. खुणेची झाडं त्याची, बाकीची तिची, असा सरळ हिशेब होता.

शिमगा जवळ आला तशी उंडीच्या वाफ्यांतली काही झाडं फळं धरून अशी देखणी उभी राहिली की चिमाचा पाय तिथून निघेना. तिनं डोळा फिरवला, निवड केली आणि उरलेल्या लुगड्याच्या चिंध्या काढून त्या झाडांच्या फळांना देठाशी बांधल्या. मन्सूरच्या चिंध्या खाली बुंध्याशी, तिच्या वर देठाशी. तिच्या दृष्टीनं त्यात घोटाळा व्हायला जागाच नव्हती. मन्सूर त्या आठवड्यात फिरकला नव्हता. ती मनाशी म्हणत होती, आला की दाखवीन.

मग एका सकाळी ती टोपली घेऊन बाजाराला गेली. खूप दिवसांनी टोपलीत तोंड वर करून दाखवावी अशी वांगी होती. टोपली नेहमीप्रमाणे आधी जन्नतबीच्या दारात टेकली. आत मन्सूर गोधडी पांघरून पडलेला. चार दिवस ताप, डोळे खोल गेलेले. जन्नतबीनं वांगं हातात घेतलं, नुसती हसली आणि चहा ठेवायला आत गेली.

"बियाची फळा पन धरलीत," चिमा त्याला सांगत होती. "अजून महिना, मग पिवळी होतील. तुज्या आयशीला बगायला आनीन."

मन्सूरनं मान वळवली. आवाज बसला होता. "काकी, मुळं वाळवायची भट्टी उद्यापासून दुसऱ्यांना द्यायचीय. साहेबांचा निरोप आला. मला उठवत नाही, म्हणून आज बाबल्याला धाडलंय. शेतावरचा मजूर. झाडं काढून नेईल."

"नेऊ दे की."

"सांगितलंय त्याला. चिंधी बांधलेली तेवढीच काढ म्हणून."

चिमाच्या हातात कप होता. तिनं तो खाली ठेवला. "कुटं बांधलेली, सांगितलास?"

"कुठं म्हणजे? चिंधी..." आणि मग त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तो कोपरावर उठून बसला. "काकी, तुम्ही पण बांधल्यात?"

तिनं टोपली तिथंच सोडली. स्टँडवर आली तर गाडी नुकती गेलेली, दुसरी दुपारची. तिनं एका ट्रकला हात केला, तो थांबला नाही. मग ती चालायला लागली. फाल्गुनातलं ऊन, सड्याचा उघडा माळ, पायाखाली तापलेला जांभा. वाटेत तिनं काय नवस केले, कोणाकोणाला हाका मारल्या, ते तिचं तिलाच ठाऊक. बाबल्याला यायला उशीर होऊ दे, त्याची सायकल पंक्चर होऊ दे, तो पिऊन कुठं तरी पडू दे, असं ती देवाला मागत होती. पण बाबल्या न पिणारा होता आणि वेळेवर येणारा होता. जगात नडतात ती असली माणसं.

ती पोचली तेव्हा मळ्यात खड्डे होते. पोती भरून सायकलवरून गेलीही होती. ओटीवर सुपात तिची बियाची फळं नीट रांगेनं मांडून ठेवलेली, प्रत्येकाच्या देठाला आमसुली चिंधी. भागोजी घाम पुसत बसला होता, आणि खूप महिन्यांनी त्याच्या तोंडावर कामावरून आलेल्या माणसाचं समाधान होतं.

"अगो, मी पन हात लावला. तो एकटा किती करनार? दिसली चिंधी की उपटला. एक पन सोडला नाय. फळा तेवढी तुला काढून ठेवली."

चिमा ओटीच्या पायरीवर बसली. ह्या माणसाला काय सांगायचं? तीस वर्षं तो मुंबईला होता. शिमग्याला आला तेव्हा पालखीत होता. बायकोनं वांग्याच्या देठाला चिंधी कधी बांधली आणि का, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नव्हतं. त्याच्यावर ओरडावं तर तो आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मळ्यात राबला होता.

"पानी देऊ?" त्यानं विचारलं.

"द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असतानाच मन्सूर आला. खड्ड्यांकडे बघून तो गडग्यावर बसला. त्याचंही काही बरं नव्हतं. पोत्यांत झाडं गेली होती, बुंध्याच्या चिंध्या आत सुटून पडल्या होत्या, चिठ्ठीची कुठली आणि निवडीची कुठली हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. निवडीची झाडं जिथं पेंड होती तिथलीच, तीही सगळ्यांत चांगली. आकडे असे गोंडस येणार की त्यांवर कोणी विश्वास ठेवू नये. झालंही तसंच. वरच्यांनी सांगितलं, प्रयोग रद्द, पुढच्या हंगामात पुन्हा करा.

"माझं चुकलं, काकी. मी बुंध्याची म्हणून सांगायला हवं होतं."

"माजा पन चुकला. मी तुला बोलायला हवा होता."

बाबल्याची चूक नव्हती, भागोजीची नव्हती. बोल लावायला कोणी मिळालं असतं तर थोडं हलकं तरी वाटलं असतं.

चिमानं हात टेकले असं मात्र नाही. सुपातली फळं तिनं चुलीवर टांगली. धुरानं आतल्या आत पिकतील अशी आशा. मळ्यात राहिलेल्या झाडांवर तिनं पुन्हा डोळा फिरवला आणि पुन्हा चिंध्या बांधल्या. पण चैत्र लागला, पऱ्या आटला, विहिरीत चिखल राहिला. ती वरच्या वाडीतून डोक्यावर हंडे आणून एकेका झाडाला तांब्यानं पाणी पाजायची. झाड ते पाणी वर घेईचना. मन्सूरनं एक मूळ उकरून बघितलं; थंडीत स्वच्छ असलेल्या मुळांना नव्या गाठी धरल्या होत्या. उंडीचा जोर हंगामभर पुरला, वैशाखापर्यंत पुरला नाही. वरून ऊन, खालून गाठी. फळं वेळेआधीच पिवळी पडून गळाली. कापून बघितली तर आत बी होतं, पण बोटात धरून दाबलं की कोंड्यासारखं चपटं. चुलीवरच्या फळांचंही तेच.

तरी तिनं ते राख लावून वाळवलं आणि तुंब्यात भरलं. गणपती गेल्यावर गादीवाफ्यात टाकलं आणि रोज सकाळी उठून बघितलं. तण उगवलं, दुसरं काही नाही. तुळसा त्याआधी गौरीला मुंबईहून आली होती. आईनं विचारल्यावर तिला आठवलं, लग्नातली ती गाठ एका डब्यात होती. दिवाळीला येणाऱ्या कोणाबरोबर तिनं डबा पाठवला. उघडला तर बुरशीचा गोळा. चाळीच्या खोलीत ती पोर वांगी लावणार तरी कुठं? चिमा माहेरीही जाऊन आली. आईच्या परसात भावानं काजूची कलमं लावली होती, आणि भावजयीनं विचारलं, "कसली वांगी?"

दिवाळीनंतर मन्सूर आला तेव्हा त्याच्या हातात पाकीट होतं. प्रयोग त्याच मळ्यात करायचा होता. बी कोणतं, हा प्रश्न त्यानं विचारला नाही. चिमानंच तुंबा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो कानाशी धरून हलवला आणि परत दिला. मग पाकीट ओटीवर ठेवलं. पाकिटावर जांभळ्या, गुळगुळीत वांग्याचं चित्र होतं.

तो प्रयोग चांगला झाला. कोणी चिंधी चुकवली नाही. उंडीची पेंड खरोखर लागू पडली, मन्सूरला पदवी मिळाली, आणि चिमाचा मळा वर्षा-दोन वर्षांत पूर्वीसारखा वाहायला लागला. पेंड दर हंगामाला घालायची, एवढंच. जांभळी वांगी टोपलीभर निघायची. बाजारात ती खपायचीही. वांग्याला गिऱ्हाईक कमी नाही. फक्त आता बायका 'चिमा आली का' असं विचारत नव्हत्या. जन्नतबी घ्यायची, पण हातात घेऊन फिरवायची नाही. एकदा चिमानं विचारलं, "कशी लागतात?" जन्नतबी म्हणाली, "सुकट चांगली होती."

त्या पहिल्या चांगल्या हंगामाच्या शिमग्याला मन्सूर मळा बघायला आला, तर चिमा वाकून एका झाडाशी काही तरी करत होती. झाड अंगानं भरलेलं, पानं तुकतुकीत, फळ देखणं. त्या जांभळ्या फळाच्या देठाशी ती आमसुली चिंधी बांधत होती.

मन्सूरला सांगावं की सांगू नये कळेना. शेवटी तो म्हणाला, "काकी, हे संकरित आहे. ह्याचं बी धरून उपयोग नाही. लावलं तरी असं येत नाही. दर वर्षी पाकीटच आणावं लागतं."

चिमानं गाठ पक्की केली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ठाऊक हाय रे," ती म्हणाली. "तू मागंच सांगितलास. पन चांगला झाड दिसला की हात ऱ्हात नाय."

ओटीवरून भागोजी ओरडला, "अगो, ती चिंधीवाली कुनाची? उपटायची की ठेवायची?" आता तो दर वेळी विचारायचा.

"ठेवा," चिमा म्हणाली. "ऱ्हाऊ दे."